शंभर वर्षांची ओहोटी

आमच्या वाडीत पहिली खुर्ची आली ती माझ्यासाठी. म्हसळ्याच्या बाजारपेठेत एका मुसलमान दुकानदाराकडे ती होती. त्याचा भाऊ आफ्रिकेला गेल्यापासून तिच्यावर कुणी बसत नसे, गुळाच्या ढेपा ठेवलेल्या असत. मी बी.एस्सी. झाल्याचं कळलं त्याच आठवड्यात बा गेला आणि ती डोक्यावर उलटी घेऊन आला, पाय आभाळाकडे. मधे दोन टेकड्या. वाटेत जो भेटेल तो विचारी, हे काय आणलंस, आणि बा सांगे, पोरगा आता भुईवर कसा बसंल. दुकानदाराने गुळाचा चिकटा पुसून दिला होता, तरी ओटीवर ठेवल्यावर दोन दिवस तिला मुंग्या लागत होत्या.

मी आमच्या वाडीतला पहिला पदवीधर, आणि शेजारच्या वाड्यांतलाही. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणाला सही येत नव्हती. सकाळी पेज पिऊन मी शाळेला चालत गेलो आणि पुढेही कुणाच्या शिफारशीवर गेलो नाही. ज्यांना हे ऐकून टोचतं त्यांनी खुशाल टोचून घ्यावं. पण खुर्ची मी मागितली नव्हती.

खुर्चीत बसलं की खाली बसलेल्या माणसांच्या टाळू दिसतात, तोंडं दिसत नाहीत. ती माणसं एकमेकांशी बोलत असतात. तुमच्याकडे बघायचं तर मान वर करावी लागते, म्हणून काही विचारायचं असेल तेव्हाच करतात. तंबाखूचा बटवा खालून खालून फिरत असतो. मी तंबाखू खात नाही, पण तो माझ्या पायांना वळसा घालून पुढे गेला की मला दिसायचा. एकदा न राहवून मी उठून खाली बसलो. माझा थोरला चुलता, जो ढोल वाजवायचा आणि वाडीतलं सगळं ठरवायचा, तो पटकन उठला. "आवो, कापडं मळतील," म्हणाला, आणि खांद्यावरच्या पंच्याने त्याने खुर्ची झटकली. हा माणूस मला लहानपणी पाठीवर मारून म्हशीमागे पिटाळायचा. मी परत वर बसलो.

बाचं आणखी वेगळं. खुर्ची आणल्यापासून तो माझ्याशी सरळ बोलेनासाच झाला. राग नव्हता. काय बोलावं ते त्याला सुचत नसावं. मी समोर असलो तरी तो आयला सांगे, त्याला इचार पानी तापवू का. आय मला विचारायची. मी आयला सांगायचो, तापव म्हणावं. दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या बाने ते ऐकलेलं असायचं, तरी आयने सांगेपर्यंत तो हलत नसे.

मुंबईत तरी काय निराळं होतं? परळच्या बाजूला आमच्या गावचा गाळा होता. गाळा म्हणजे चाळीतली एक मोठी खोली. गावचे गिरणीत आणि गोदीत काम करणारे लोक तिथे एकत्र राहत, पाळ्यांप्रमाणे झोपत. मी शिकायला गेलो तेव्हा त्यांनी दिव्याखालची जागा मला दिली. पोरगा वाचायला बसला की मोठ्याने बोलायचं नाही, असा गाळ्याचा कायदा झाला. पत्ते बंद, भजन बंद, भांडायचं असेल तर जिन्यात जाऊन भांडायचं. माझं कॉलेज होईपर्यंत त्या सगळ्यांनी कुजबुजत दिवस काढले. त्याची जाण मला आहे. पण परीक्षा झाली, निकाल लागला, एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत मला नोकरीही लागली, तरी ती कुजबुज काही गेली नाही. मी दारात चपला काढल्या की आतला हशा विझायचा. मी म्हणायचो, बोला की, मला आता काही वाचायचं नाही. ते म्हणायचे, व्हय व्हय, आणि गप्प बसायचे.

अशा शांततेत माणूस काय करणार? मी एक गोष्ट लिहिली.

त्याच सुमारास रशियाने आभाळात यंत्राचा चंद्र सोडला होता. कारखान्यात, ट्राममध्ये, जिकडेतिकडे तेच बोलणं. पुढच्या काळात काय काय होईल याचे अंदाज जो तो बांधत होता. माझी गोष्टही पुढच्या काळाची होती, आणि विनोदी होती. आमच्या बाजूचा एक भातवाला शेतकरी मुंबईतल्या भावाला भेटायला निघतो. हातात सुकटाची टोपली. रेवसला लाँचमध्ये बसतो. लाँचच्या यंत्रात काही बिघाड होतो आणि ती अचाट वेगाने सुटते. वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ सावकाश चालतं, हे शास्त्र आहे, मी शिकलेलो आहे. त्यामुळे हा भाऊच्या धक्क्याला उतरतो तेव्हा इकडे शंभर वर्षं होऊन गेलेली असतात. रस्तेच चालताहेत, माणसं नुसती उभी आहेत. भात गोळीतून मिळतो. झाडूवालासुद्धा एम.ए. आहे. सगळे त्याच्याशी फार आदराने वागतात आणि कुणाकडेच त्याच्याशी बोलायला काही नसतं. हा आपला टोपली घेऊन भावाचा पत्ता विचारत हिंडतो.

लिहिताना मी एकटाच हसत होतो. गाळ्यातले लोक तेवढ्यापुरते माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा कुजबुजू लागायचे.

गोष्ट एका मासिकाकडे पाठवली, ती परत आली. का, ते मला तेव्हाच कळलं होतं. गोष्टीला शेवट नव्हता. त्या माणसाला परत कसं आणायचं ते मला सापडलं नव्हतं. शास्त्राने पुढे जाता येतं, मागे येता येत नाही. हेही मी शिकलेलो होतो.

त्या वर्षी शिमग्याला मी घरी गेलो. रेवसला उतरून दोन एस्ट्या बदलल्या, मग पायी. आणि माझ्या पिशवीत ती गोष्ट होती.

आमच्याकडे शिमग्यात सोंगं निघतात. कुणी गोसावी होतो, कुणी हवालदार, कुणी नवरी. पुढे ढोल आणि सनई, मागे सोंगं, घरोघर जाऊन पोस्त मागायचं. कुणी मूठभर तांदूळ घालतं, कुणी नारळ. यात एक नियम फार कडक. तोंडाला रंग लागला की सोंगाला ओळख द्यायची नाही. भाऊ असो, नवरा असो, तोंड धुईपर्यंत तो परका. एके वर्षी बा गोसावी होऊन आपल्याच दारात आला. आयने त्याच्या झोळीत तांदूळ घातले आणि विचारलं, कुठले तुमी महाराज? बा म्हणाला, काशीचा. आय म्हणाली, जाता जाता आमचा घरधनी भेटला तर सांगा, सकाळपासनं म्हशीला पानी दावलं न्हाय. सगळी वाडी हसली. गोसाव्याने गंभीरपणे मान हलवली आणि पुढच्या घरी गेला.

सगळं झालं की सोंगं पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, पळतात. बाकी ओढा आटला तरी तिथल्या कोंडीत उन्हाळाभर पाणी असतं. लहानपणी बा मला तिथेच नेऊन घासायचा. सोंगं तिथे तोंडं धुतात, एकमेकांच्या पाठी चोळतात, आणि मग एका पंगतीला जेवायला बसतात. त्या पंगतीत बाकीच्यांना जागा नसते. सोंग घेतलं तोच बसणार, आणि बसणार भुईवर. मला त्या पंगतीत बसायचं होतं. खरं सांगायचं तर गोष्ट वगैरे सगळं नंतर. शिकायला गेल्यापासून मला कुणी सोंगाला बोलावलं नव्हतं, आणि आपण होऊन मागायची माझी वृत्ती नाही.

त्या वर्षी मात्र संधी आली. आमचं सगळ्यात नावाजलेलं सोंग म्हणजे गोरा सायब. तोंडाला पांढरं पीठ, हॅट, छडी, आणि मागून हवालदार. देश स्वतंत्र झाला तशी त्यातली गंमत निघून गेली. दहा वर्षं लोक सवयीने हसले. त्या वर्षी होळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ओटीवर बसलेला चुलता म्हणाला की सायब गेला आन् सोंग ऱ्हायलं, आता पोरंबी हसत न्हाईत, काहीतरी नवं पायजे. मी खुर्चीवरून म्हणालो, माझ्याकडे एक आहे.

सगळ्या माना वर झाल्या.

मी वाचायला सुरुवात केली. लाँच वेगाने सुटते तिथपर्यंत आलो आणि चुलत्याने हात वर केला. त्याने शांतपणे विचारलं की रेवसची लाँच म्हंजी तीच नव्हं, जिच्यात आपून सारी बसतो? मी म्हटलं, तीच. तो म्हणाला, मंग हे खोटं. ती जोरात जात न्हाय. मी त्याला वेग आणि घड्याळ समजावून सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग माझा लहानपणचा सोबती, जो दरवर्षी नवरी व्हायचा आणि ज्याची जीभ नवरीपेक्षा चुरचुरीत होती, तो म्हणाला:

"घड्याळ कशाला मधी? ओहोटीला रुतली म्हना. चिखलात. भरतीची वाट बगत बसलं, आन् भरती आली शंभर वर्सांनी."

आणि सगळ्यांना ते पटलं. पटलं म्हणजे असं, की क्षणभर कुणी हसलंही नाही. रेवसच्या खाडीत ओहोटीला न रुतलेला माणूस त्या ओटीवर एकही नव्हता. चिखलात अडकलेल्या लाँचमध्ये उन्हात बसून भरतीची वाट बघणं म्हणजे काय, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. जो तो आपली हकिकत सांगू लागला. कुणाचं लग्न चुकलं होतं, कुणाची कोंबडी त्या लाँचमध्ये अंडं देऊन मोकळी झाली होती. माझं शास्त्र तिथेच बुडालं. मला राग आला, हे लपवत नाही. पण मनात असंही आलं की हे मला सुचायला हवं होतं. मीही त्याच चिखलात रुतलो होतो की.

मग प्रश्न सुरू झाले, आणि ते सगळे त्या माणसाच्या काळजीचे. शंभर वर्षं बेपत्ता म्हणजे त्याचे दिवस घातले असणार, मग तो आता पितर धरायचा की माणूस? पितर धरला तर भादव्यात त्याचं पान वाढायला पाहिजे. पण आजा-पणजाच्या पलीकडचं नाव कुणाला ठाऊक असतं, त्याला कोण वाढणार? भात गोळीतून येतो तर गवत कशातून येतं, आणि गवत नाही तर बैल काय खातो? खांबाला टेकलेल्या बाने आयकडे बघत विचारलं, त्याला इचार, आता आभाळात दोन चंद्र, मंग शिमग्याची पुनव कंच्या चंद्राची धरायची? आयने मला विचारलं. मी म्हटलं, जुन्याची. बाने मान हलवली, म्हणजे तसंच असावं असं त्यालाही वाटत होतं. परवा माणूस खरोखर चंद्रावर उतरल्याचं रेडिओवर ऐकलं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो हाच प्रश्न. विचारणारा आता नाही.

आयला मात्र त्या गोष्टीत एकाच गोष्टीची चिंता लागली. संध्याकाळी भाकरी थापताना तिने विचारलं, तो मुंबईत उतरला, मग जेवला कुठं? मी सांगितलं, गोळी खाल्ली. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, गोळीनं काय व्हतंय, समोर बसून वाढनारं कोन हाय का त्याला? मी म्हटलं, आय, ती गोष्ट आहे. ती म्हणाली, "व्हय. तू खानावळीत जेवतोस तितं वाढतं का कोन?" मी सांगितलं की वाढतात. वाढप्या वाढायचा, तेवढं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी कामं वाटली. रुतलेला माणूस मीच होणार असं मी धरून चाललो होतो, गोष्ट माझी होती. काळं तोंड, दाढी, चिखल, सगळं मनात तयार होतं. चुलता म्हणाला, छे, ते तुमचं काम न्हाय. दिसभर गुडघ्यापातूर चिखल घिऊन कोन फिरंल? तुमी शंभर वर्सांनंतरचं मानूस व्हा. आमच्यात प्यांट आन् घड्याळ दुसऱ्या कुनाकडं हाय?

मी विचारलं, रंग कुठला लावायचा.

"रंग कशाला," माझा सोबती म्हणाला. "हायसा तसंच बसा. चष्मा तेवडा पुसून घ्या."

सगळे हसले. मीही हसलो. बसायचं कुठे ते मी विचारलं नाही.

रुतलेला माणूस कोण होणार यावर घोळ चालला होता. चुलत्याला ढोल वाजवायचा, सोबत्याला नवरी सोडवत नव्हती. तेव्हा खांबाकडून बाचा आवाज आला, कुणाकडेही न बघता: "मी ऱ्हातो चिखलात."

सोंगाच्या दिवशी बा सकाळीच खाडीवर गेला आणि मांडीपर्यंत चिखल माखून आला. तो वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. तोंडाला काजळी, तिच्यावर तांदळाचं पीठ, आणि काथ्याची दाढी कमरेपर्यंत. शंभर वर्षांची वाटेल अशी दाढी ती हीच. हातात खऱ्या सुकटाची टोपली. मांजरं मागे लागली होती. घरोघर पोस्त मागत मंडळी फिरली, आणि उन्हं कलती झाल्यावर देवळासमोरच्या सहाणेच्या चौथऱ्यावर आली. तिथे सगळी वाडी जमली होती. मधोमध माझी खुर्ची, तिच्यावर मी. दुपारपासून मी तिथेच होतो. पुढच्या काळातला माणूस दारोदार फिरत नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

बा समोर येऊन उभा राहिला. ढोल थांबला.

पहिली वाक्यं मी लिहिली होती तशीच झाली. त्याने रामराम घातला आणि भावाकडे जायचं आहे म्हणाला. मी म्हटलं, भाऊ म्हणजे काय? लोक हसले. त्याने टोपली पुढे केली. मी नाकाला रुमाल लावून विचारलं, हा कुठला पदार्थ? आणखी हसले. मग मी खिशातून पेपरमिंटची गोळी काढून दिली आणि म्हटलं, आपण दमला असाल, ही भाताची गोळी घ्या. त्याने ती तोंडात टाकली, चघळली, थांबला, आणि विचारलं, "आन् कालवन?" हे माझ्या लिहिण्यात नव्हतं. बायकांच्या बाजूने असा हशा उठला की चुलत्याने ढोलावर दोन टिपरं हाणली. मला वाटलं, जमलं. मासिकवाल्यांनी हे बघायला हवं होतं.

इथे त्याने भावाला हाका मारत निघून जायचं होतं. तो गेला नाही. माझ्यासमोर उकिडवा बसला, ओटीवर बसायचा तसा. पण या वेळी मला त्याची टाळू दिसली नाही, कारण तो वर माझ्याकडे बघत होता. पिठाच्या आतून डोळे तेवढे त्याचे होते.

"एक इचारू का?" तो म्हणाला.

"विचारा."

"ही खुर्ची कुनाची?"

"माझी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"आशीच एक माज्या घरी हुती. म्याच आनल्याली, डोक्यावरनं. आठ दिस मान धरली हुती." लोक हसले. ते हसणं संपेपर्यंत तो थांबला. "तिच्यात माज्या पोराला बसवला आन् म्या लाँचीत बसलो. लाँच रुतली. आता यिऊन बगतोय तर पोर गावत न्हाय. तुमी शिकल्याली मानसं, तुमास्नी ठावं आसंल. भुईवर बसायचा माज्यासंगं. बगितला का कुटं?"

कुणी हसलं नाही. सनईवाल्याने सनई ओठांपाशी नेलेली तशीच धरली होती. मांजरं तेवढी टोपलीभोवती फिरत होती.

मला उत्तर माहीत होतं. पण त्याच्या तोंडाला रंग होता आणि सोंगाला ओळख द्यायची नाही. शिवाय मी खुर्चीत होतो, चष्मा पुसलेला, शंभर वर्षांनंतरचा. मी माझ्याच गोष्टीत पुढचं वाक्य शोधलं. पुढे काही लिहिलेलंच नव्हतं. मग हात आपोआप खिशात गेला.

"अजून एक गोळी घ्या," मी म्हटलं.

त्या शिमग्यातला सगळ्यात मोठा हशा तो. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. पुढे कित्येक वर्षं वाडीत कुणी काही अडचणीचं विचारलं की समोरचा म्हणायचा, गोळी घ्या. मीही ऐकायचो. बाने गोळी घेतली, पण तोंडात टाकली नाही. टोपलीत सुकटावर ठेवली. काथ्याच्या आत तो हसत होता की नव्हता ते मला दिसलं नाही.

शेवट कसा करायचा हे कुणी ठरवलंच नव्हतं, आणि मी विचारायचं विसरलो होतो. चुलता ढोल बडवत मधे आला आणि भरती आली, भरती आली, म्हणत पऱ्याच्या वाटेला लागला. त्याच्यामागे नवरी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पळाली, हवालदार पळाला, आणि बा टोपली सांभाळत, वाळलेल्या चिखलाच्या खपल्या पाडत त्यांच्यामागे गेला. ज्याला मला परत आणता येत नव्हतं तो असा सरळ पळत परत गेला. माणसं, बायका हसत पांगू लागल्या. जो तो जाताना मला वळसा घालून जात होता.

मी खुर्चीत बसून होतो. माझ्या तोंडाला काही लागलेलं नव्हतं, धुवायचं काय? मला पंगतीला बोलवायचं की नाही, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नसणार. खाली कोंडीवरून त्यांचे आवाज येत होते. बऱ्याच वर्षांनी मी इतक्या जवळून त्यांना मोठ्याने बोलताना ऐकत होतो. आता मी गेलो की ते गप्प होतील, हेही मला पक्कं माहीत होतं.

तरी उठलो. बाने विचारलं होतं, आणि उत्तर द्यायचं तर ते तोंड धुतल्यावरच देता येणार होतं.

मी पोचलो तेव्हा आवाज खरंच कमी झाले. नवरी कपाळावरचं कुंकू घासत होती, ती थांबली. बा कोंडीच्या काठाला गुडघे टेकून बसला होता. दाढी काढून त्याने दगडावर ठेवली होती, आणि नारळाच्या सोडणाने तो गाल घासत होता. पाणी पिठाने पांढुरकं झालं होतं. मी त्याच्या शेजारी बसलो. पँटचे गुडघे ओल्या वाळूत गेले. चष्मा काढून मी खिशात ठेवला, ओंजळ भरली आणि तोंडावर मारली.

"तुमी कशाला?" माझा सोबती म्हणाला. "तुमास्नी कुटं काय लागलंय?"

मी दुसरी ओंजळ घेतली. तोंडावरून स्वच्छ पाणी स्वच्छच खाली पडत होतं, आणि ते सगळे बघत होते.

मग बाने आपल्या हातातलं सोडण पिळलं आणि माझ्यापुढे धरलं. आयला मधे घ्यायला आय तिथे नव्हती.

"लागलंय की," तो म्हणाला. "कानामागं ऱ्हायलंय बग. घास."

मी घासलं. सोडण खरखरीत होतं, त्याला पिठाचा आणि चिखलाचा वास होता. कानामागची कातडी हुळहुळली. मी थांबलो आणि मान त्याच्याकडे वळवली. चष्म्याशिवाय मला त्याचं तोंड नीट दिसत नव्हतं. त्याने वाकून, दोन बोटांनी कान पुढे ओढून पाहिलं.

"अजून हाय थोडं," तो म्हणाला.

मागे कुणीतरी हसलं, नवरीने कुणाच्या तरी अंगावर पाणी उडवलं, आणि त्यांचं बोलणं पुन्हा मोठ्याने सुरू झालं. मी सोडण पाण्यात बुडवलं आणि दुसऱ्यांदा घासायला लागलो.